सोयाबीनचा एकरी उतारा: एसपीएसएस तीन आकडे देतंय, आर एरर दुप्पट सांगतंय, खरं कुठलं धरू?

बांधावरचा_अभ्यासक

नमस्कार मंडळी, एमएस्सी ॲग्रीच्या थिसिसचं काम चालूय आणि एका आकड्यावर गाडी अडकलीय. विषय सोयाबीनची उत्पादकता. लातूर जिल्ह्यातले औसा, निलंगा, रेणापूर, अहमदपूर असे चार तालुके, दर तालुक्यात सहा गावं, दर गावात दहा सोयाबीनवाले शेतकरी, म्हणजे २४० जण. प्रत्येकाला विचारलं सोयाबीन किती एकरावर होतं आणि किती माल झाला. आता एकरी उतारा काढायचाय, एवढंच.

एक्सेलमध्ये प्रत्येकाचं क्विंटल भागिले एकर असा कॉलम केला आणि त्याची सरासरी घेतली, ७.४ आली. मग एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲनालाइझ, डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स, रेशो असा मेनू दिसला, त्यात उत्पादन वर आणि क्षेत्र खाली टाकलं, तर मीन ७.४ च आलं पण त्याच टेबलात वेटेड मीन ६.६ आणि मीडियन ७ असंही येतंय, शिवाय प्राइस रिलेटेड डिफरन्शियल म्हणून १.१२. माझ्या डेटात किंमत कुठे आहे? आणि मी वेट (कुणाला किती वजन द्यायचं तो आकडा) दिलेलंच नाही तर वेटेड मीन कशाचं?

हॉस्टेलवरच्या मित्राने आर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं सर्व्हे पॅकेज वापर म्हणून सांगितलं. त्यात गाव क्लस्टर (एकत्र निवडलेला गट), तालुका स्ट्रेटम (ज्यातून वेगळा नमुना घेतला तो विभाग) असं देऊन एसव्हीवायरेशो हे गुणोत्तर काढायचं फंक्शन चालवलं तर ६.६ च आलं, पण स्टँडर्ड एरर (नमुन्यामुळे आकडा किती हलू शकतो त्याचं माप) एसपीएसएसच्या कॉन्फिडन्स इंटरव्हलवरून, म्हणजे खरा आकडा ज्या अंतरात असावा त्यावरून, जी निघते तिच्या जवळजवळ दुप्पट. आता सरासरी कुठली लिहू, एरर कुठली लिहू, आणि दुप्पट का आली हे व्हायव्हात विचारलं तर काय सांगू? कुणीतरी नीट समजावून सांगा, सूत्र चालेल पण आधी अर्थ सांगा प्लीज.

मोजमाप

चांगला प्रश्न आहे आणि बऱ्याच जणांना पडत नाही म्हणून जास्त चांगला आहे. सॉफ्टवेअर बाजूला ठेव जरा, तीन शेतकरी घे. समजा पहिल्याकडे १ एकर आणि ९ क्विंटल, दुसऱ्याकडे २ एकर आणि १६ क्विंटल, तिसऱ्याकडे १० एकर आणि ६० क्विंटल. उतारा झाला ९, ८ आणि ६. तिघांची सरासरी काढली तर ७.६७. पण तिघांचं मिळून रान १३ एकर आणि माल ८५ क्विंटल, ८५ भागिले १३ म्हणजे ६.५४. दोन्ही गणितं बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. पहिल्यात तू विचारतोयस की "एका शेतकऱ्याला सरासरी काय उतारा पडतो", तिथे एक एकरवाला आणि दहा एकरवाला सारखेच मोजले जातात. दुसऱ्यात विचारतोयस की "एका एकरातून सरासरी किती निघतं", तिथे दहा एकरवाल्याचं वजन दहापट. एसपीएसएसचं वेटेड मीन म्हणजे हेच, वेट क्षेत्राचं आहे, तू वेगळं द्यायची गरज नाही.

तुझ्या थिसिसचा विषय उत्पादकता आहे, तालुक्याचं उत्पादन किंवा हेक्टरी उत्पादकता म्हणून जो आकडा लोक वाचतात तो एकूण माल भागिले एकूण क्षेत्र असाच असतो. म्हणून मुख्य आकडा ६.६ वाला. ७.४ टाकायचाच असेल तर "प्रति शेतकरी सरासरी उतारा" असं स्पष्ट नाव देऊन टाक, "एकरी उत्पादकता" म्हणून नको, कारण उद्या कुणी ७.४ ला तालुक्याच्या क्षेत्राने गुणलं तर तालुक्यात नसलेलं सोयाबीन कागदावर उगवेल.

आता ते १.१२. तो मेनू मुळात मालमत्तेचं मूल्यांकन तपासणाऱ्या लोकांसाठी आहे, घराचं सरकारी मूल्यांकन भागिले विक्रीची किंमत असं ते गुणोत्तर बघतात, म्हणून नावात प्राइस आलं. आकडा म्हणजे नुसतं मीन भागिले वेटेड मीन, ७.४ भागिले ६.६. तुझ्या कामाचा आहे बरं का तो, टाकून देऊ नकोस. एकच्या वर असेल तर याचा अर्थ कमी क्षेत्रवाल्यांचा एकरी उतारा जास्त दिसतोय. गणितात दोन्ही सरासऱ्यांमधला फरक म्हणजे उतारा आणि क्षेत्र यांचं को-व्हेरिअन्स (दोन्ही किती एकत्र वर-खाली होतात त्याचं माप) भागिले सरासरी क्षेत्र, एवढंच असतं. सगळ्यांचं क्षेत्र सारखं असतं किंवा उताऱ्याचा क्षेत्राशी काही संबंध नसता तर दोन्ही आकडे जुळले असते.

लहान शेतकऱ्याचा एकरी उतारा जास्त, हे आपल्याकडे जुनं निरीक्षण आहे. १९५० च्या दशकातल्या फार्म मॅनेजमेंट पाहण्यांमध्ये ते दिसलं आणि १९६२ मध्ये अमर्त्य सेन यांनी त्यावर लिहिल्यापासून वाद चालूच आहे, घरचे हात जास्त राबतात म्हणून की जमीन चांगली म्हणून की क्षेत्र मोजण्यातच चूक होते म्हणून. तुझ्या डेटात यातलं काय आहे हे एकदा ग्राफ काढून बघ, आडवं क्षेत्र आणि उभा उतारा, डाव्या टोकाला अर्धा पाऊण एकरवाल्यांचे ठिपके वर उडालेले दिसतात का ते.

डेटावाली_नागपूर

मोजमाप यांनी सांगितलं त्याला त्याच धर्तीचं एक उदाहरण जोडते, मी घरगुती खर्चाच्या पाहणीचा युनिट लेव्हल, म्हणजे एकेका कुटुंबाचा, डेटा हाताळते. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ ची जी पाहणी झाली, अडीच लाखांहून जास्त कुटुंबं होती तिच्यात, त्यातून ग्रामीण भारतात खर्चातला खाण्यापिण्याचा वाटा सुमारे ४६ टक्के आणि शहरी भागात सुमारे ३९ टक्के असा आला. हा वाटा म्हणजे खाण्यावरचा सरासरी खर्च भागिले एकूण सरासरी खर्च. आता तुम्ही प्रत्येक कुटुंबाचा वाटा वेगवेगळा काढून त्याची सरासरी घेतली तर आकडा वर जातो कारण गरीब घरात खर्चाचा मोठा हिस्सा खाण्यातच जातो आणि तशी घरं मोजणीत तेवढीच मोजली जातात जेवढी श्रीमंत घरं. छापील आकड्याशी आपला आकडा जुळेना म्हणून डोकं धरून बसलेले विद्यार्थी मी कितीतरी पाहिलेत आणि बहुतेक वेळा कारण हेच असतं, डेटात काही गडबड नसते.

अजून एक, तुम्ही वेट दिलं नाही म्हणालात. गावं आणि शेतकरी निवडले कसे ते सांगा आधी, त्यावर ६.६ सुद्धा टिकेल की नाही ते ठरेल.

बांधावरचा_अभ्यासक

मोजमाप सर, तीन शेतकऱ्यांचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. ग्राफ काढला, डावीकडचे ठिपके खरंच वर आहेत.

ताई, निवड अशी केली: तालुक्यातल्या सगळ्या गावांच्या यादीतून सहा गावं चिठ्ठ्या टाकून, आणि गावात कृषी सहाय्यकांकडून सोयाबीन पेरलेल्यांची यादी घेऊन त्यातून दहा जण रँडम नंबरने. काही गावात यादीत साठ-सत्तर नावं होती, काही मोठ्या गावात तीनशेच्या पुढे. घेतले मात्र सगळीकडे दहाच.

जुना_सांख्यिक

मग वेट लागणारच. सत्तर जणांतून दहा घेतले तिथे एक माणूस सात जणांच्या वतीने बोलतोय आणि तीनशेतून दहा घेतले तिथे तीस जणांच्या वतीने, हे दोघे सारखे कसे धरता येतील. हिशोब सोपा आहे. समजा तालुक्यात १०० गावं आणि तुम्ही ६ घेतली, गावात १८० उत्पादक आणि तुम्ही १० घेतले, तर त्या गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याचं वेट १०० भागिले ६ गुणिले १८० भागिले १०, म्हणजे ३००. दर गावाला एकदा काढायचं, त्या गावच्या दहाही ओळींना तेच लावायचं. गावं निवडतानाच उत्पादकांच्या संख्येच्या प्रमाणात शक्यता दिली असती आणि मग प्रत्येक गावात सारखे दहा घेतले असते तर तालुक्यापुरतं सगळ्यांचं वेट आपोआप सारखं झालं असतं, पुढच्या वेळी ते लक्षात ठेवा, फार सोय होते.

गुणोत्तरात एक सवलत असते, सगळी वेटं एकाच आकड्याने गुणली किंवा भागली तरी वर आणि खाली दोन्हीकडे तेच असल्यामुळे उत्तर बदलत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या डेटात मल्टिप्लायर (तिथलं वेट) शंभराने भागायचा विसरला तरी गुणोत्तर बरोबर येतं, एकूण बेरीज मात्र शंभरपट होते. पण त्याच पाहणीच्या जुन्या फेऱ्यांत काही ओळींना शंभराने आणि काहींना दोनशेने भागायचं असतं, तिथे विसरलात तर गुणोत्तरही चुकतं, कारण मग वेटांचं आपसातलं प्रमाणच बिघडतं. तुमच्या बाबतीत तालुक्यातल्या गावांची संख्या वेगळी वेगळी आहे त्यामुळे १०० भागिले ६ हा भाग सोडून चालणार नाही.

आता स्टँडर्ड एरर दुप्पट का. एसपीएसएसचा तो मेनू समजतो की २४० शेतकरी पूर्ण जिल्ह्यातून एकेक करून सुटे उचललेत. तसं झालेलं नाही. एका गावातल्या दहाही जणांवर तोच पाऊस पडला, तोच खंड पडला, माती जवळपास तीच, कित्येकांचं बियाणंही एकाच दुकानातलं, म्हणजे दहा जणांकडून दहा जणांइतकी नवी माहिती मिळालेली नाही. सॉफ्टवेअर करतं असं: प्रत्येक शेतकऱ्याचं प्रत्यक्ष उत्पादन वजा ६.६ गुणिले त्याचं क्षेत्र, म्हणजे जिल्ह्याच्या मानाने त्याला किती जास्त किंवा कमी झालं, हा फरक काढतं, वेट लावून गावागावाची बेरीज करतं, आणि एका तालुक्यातल्या सहा गावांच्या बेरजा एकमेकींपासून किती लांब आहेत ते बघतं. गावंच्या गावं वर किंवा खाली असतील तर एरर वाढते. एरर दुप्पट म्हणजे डिझाइन इफेक्ट (निवडपद्धतीमुळे एररचा वर्ग किती पट झाला ते) चार, सूत्र १ अधिक (एम वजा १) गुणिले ऱ्हो असं लावलं, एम म्हणजे गावातले दहा, ऱ्हो म्हणजे एका गावातल्यांचं आपसातलं साम्य, तर ऱ्हो निघतो एक तृतीयांश. पावसावरच्या पिकात गावातल्या गावात एवढं साम्य असणं अजिबात विचित्र नाही. व्हायव्हात विचारलं तर सांगा की माझे २४० शेतकरी अचूकतेच्या दृष्टीने सुट्या निवडलेल्या सुमारे ६० शेतकऱ्यांइतके आहेत. परीक्षक समाधानाने मान हलवतील.

नमुना पद्धतीने पिकाचा उतारा काढायचं शास्त्र बसवण्यात आपल्या माणसांचा मोठा वाटा आहे हेही वाचून ठेवा. पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, आणि वि. गो. पानसे, या दोघांनी १९४० च्या दशकात रँडम नमुन्यावर पीक कापणीच्या पाहण्या उभ्या केल्या. रानात दोरी टाकून चौकोन आखायचा, तेवढाच कापायचा, वजन करायचं. तिथे प्रत्येक चौकोनाचं क्षेत्र सारखंच असल्यामुळे तुमचा हा दोन सरासऱ्यांचा प्रश्न चौकोनांच्या पातळीवर येतच नाही. पण पीक विम्यात महसूल मंडळांचे आकडे एकत्र करून तालुक्याचा काढायचा म्हटलं की पुन्हा क्षेत्राचं वेट लागतंच.

स्टाटाप्रेमी

स्टाटावाल्यांसाठी थोडक्यात: आधी एसव्हीवायसेट मध्ये गाव, पीवेट (निवडीचं वेट) आणि स्ट्रॅटा द्या, मग एसव्हीवाय कोलन रेशो उत्पादन स्लॅश क्षेत्र. तालुकावार हवं तर ओव्हर ऑप्शन. सॅस असेल तर प्रोक सर्व्हेमीन्स मध्ये रेशो नावाचं वेगळं स्टेटमेंट आहे. एसपीएसएसमध्येच करायचं असेल तर कॉम्प्लेक्स सॅम्पल्स हे वेगळं मॉड्यूल लागतं, त्यात आधी प्लॅन फाईल बनवायची आणि मग रेशोज. चारही ठिकाणी आकडा आणि एरर जुळायला पाहिजे, नाही जुळली तर कुठेतरी स्ट्रेटम किंवा वेट द्यायचं राहिलंय.

डेटावाली_नागपूर

आरमध्ये एक गोष्ट बऱ्याच जणांकडून सुटते म्हणून लिहिते. एसव्हीवायरेशो चं उत्तर कॉनफिंट (कॉन्फिडन्स इंटरव्हल काढणारं फंक्शन) मध्ये टाकलं की ते डिफॉल्टने नॉर्मल वितरण धरतं, १.९६ ने गुणतं. तुमची गावं २४, तालुके ४, म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम (गावं वजा तालुके) २०, तिथे २.०८६ हवं. कॉनफिंट ला डीएफ म्हणून डेगएफ(डिझाइन) द्या, डिझाइन म्हणजे गाव, तालुका, वेट सांगून बनवलेली मांडणी, काम झालं. एकूण आकड्यात फरक किरकोळ पडेल पण तालुकावार टेबल करताना एका तालुक्यात सहाच गावं म्हणजे डिग्रीज पाच, तिथे २.५७१. अंतर चांगलंच रुंद होतं, आणि ते तसंच छापायचं कारण सहा गावांवरून तालुक्याबद्दल तेवढंच बोलता येतं.

तालुकावार काढायला एसव्हीवायबाय वापरा, त्यात डिनॉमिनेटर म्हणून क्षेत्र द्यायचं आणि फंक्शन म्हणून एसव्हीवायरेशो. आणि समजा फक्त तीन एकराच्या आतले शेतकरी बघायचे असतील तर मूळ डेटा फिल्टर करून नवीन डिझाइन बनवू नका, पूर्ण डिझाइन बनवून मग त्यावर सबसेट चालवा. आधीच फिल्टर केलं की ज्या गावात तसा शेतकरी निघाला नाही ते गावच गायब होतं आणि सॉफ्टवेअरला वाटतं तुम्ही पाचच गावं निवडली होती.

कोरडवाहू_७२

मी आकडेवाल्यांपैकी नाही, पेरणीवाल्यांपैकी आहे, औसा भागातलाच. तुझ्या प्रश्नावलीबद्दल विचारतो. क्षेत्र कसं विचारलं? आमच्याकडे माणूस "दोन एकर" म्हणतो तेव्हा ते रान दोन एकर असतं, त्यात बांध, विहीर, कडबा लावायची जागा, आणि मध्ये तुरीच्या ओळी. नुसतं सोयाबीन बघितलं तर ७० गुंठेही भरणार नाही कधीकधी. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, बोलण्यात एकर-गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर, आणि १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर, तू मधे कुठे अडीच धरलंस का ते बघ. माल लोक कट्ट्यात सांगतात, कट्टा किती किलोचा भरला ते प्रत्येकाचं वेगळं. क्विंटल त्यांनी सांगितलं की तू कट्ट्यावरून केलंस?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांचं काढणीच्या वेळच्या पावसात पूर्ण गेलं, शेंगांना जागेवर मोड आले, त्यांना शून्य धरलंस की सोडून दिलंस? असे लोक प्रत्येक गावात असतात आणि त्यांना सोडून काढलेला उतारा आमच्या तालुक्याचा नव्हे.

जुना_सांख्यिक

कोरडवाहू यांचा शेवटचा प्रश्न या सगळ्या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. एसपीएसएसच्या त्या रेशो मेनूला वरचा आणि खालचा दोन्ही आकडे शून्याच्या वर लागतात, शून्य क्विंटलवाला शेतकरी त्याच्या हिशोबात बसत नाही. एसव्हीवायरेशो ला शून्य चालतं, क्षेत्र खाली पूर्ण मोजलं जातं आणि वर शून्य, जसं व्हायला पाहिजे तसं. फक्त छेदात पेरलेलं क्षेत्र घेतोय की काढलेलं हे आधी ठरवून थिसिसमध्ये एका ओळीत लिहा. पेरलेलं घेतलं तर शून्यवाले आत, काढलेलं घेतलं तर बाहेर, आणि ज्या वर्षी पाऊस बिघडतो त्या वर्षी या दोन आकड्यांत मोठी दरी असते. शेतकऱ्याच्या नुकसानीबद्दल बोलायचं असेल तर पेरलेलंच हवं.

आणि उत्पादन आठवत नाही म्हणून रिकामा सोडलेला रकाना वेगळा, तो शून्य नव्हे. ती ओळ वरून आणि खालून दोन्हीकडून काढायची, नाहीतर क्षेत्र मोजलं जातं आणि माल नाही.

बांधावरचा_अभ्यासक

दादा, क्षेत्र सोयाबीनचंच विचारलं होतं आणि तूर वेगळी लिहिलीय, ओळींच्या प्रमाणात वाटून घेतलीय. माल किलोत विचारला, बाजारात घातल्याची पट्टी होती त्यांची पट्टीवरून घेतला. पूर्ण गेलेले अकरा जण आहेत, शीटमध्ये शून्य आहे त्यांचं, पण एसपीएसएसच्या आकड्यात ते आलेच नव्हते हे आत्ता कळलं, एक्सेलची सरासरीही त्यांना वगळूनच घेतली होती. सर्व्हे पॅकेजमध्ये मी जी फाईल दिली ती एसपीएसएसमधून गाळून आलेली होती म्हणून तिथेही नव्हते, त्यामुळे ६.६ जुळत होतं.

आता मूळ शीट घेतली, वेट लावली, पेरलेलं क्षेत्र छेदात. ६.१ आलं. मोठ्या गावांमध्ये उतारा कमी दिसतोय आणि शून्यवाले आले, दोन्हीमुळे खाली आलं असेल.

अजून एक विचारायचंय. एखादं तरी पाणी देता आलं असे शेतकरी आणि पूर्ण कोरडवाहू, यांच्या उताऱ्यातला फरक खरा आहे का हे तपासायचंय. दोन गुणोत्तरांची टी टेस्ट कशी लावतात?

मोजमाप

साधी टी टेस्ट लावू नकोस, ती प्रति शेतकरी सरासरीची होईल आणि क्लस्टरही विसरेल. दोन तालुक्यांची तुलना सोपी, तालुके स्ट्रेटम आहेत, त्यांचे नमुने स्वतंत्र, दोन्ही एररचे वर्ग बेरीज करून वर्गमूळ घे, फरकाची एरर मिळाली. पाणीवाले आणि कोरडवाहू मात्र त्याच गावात शेजारी शेजारी आहेत, गावात पाऊस चांगला झाला तर दोघांचंही वर जातं, म्हणून ते स्वतंत्र नाहीत आणि को-व्हेरिअन्स लागतो. आरमध्ये सोपा रस्ता म्हणजे ॲझ-एसव्हीरेपडिझाइन ने डिझाइन रेप्लिकेट वेटमध्ये बदलायचं, मग विथ-रेप्लिकेट्स मध्ये एक छोटं फंक्शन द्यायचं जे पाणीवाल्यांचं गुणोत्तर वजा कोरडवाहूंचं गुणोत्तर परत देईल. जॅकनाइफ एकेक गाव वगळून तोच फरक पुन्हा पुन्हा काढतं आणि एरर देतं. स्टाटात रेशो ओव्हर नंतर लिनकॉम. कल दोघांचा एकाच दिशेला असेल तर को-व्हेरिअन्स वजा होतो आणि फरकाची एरर उलट कमी येते, म्हणजे हे कष्ट तुझ्याच फायद्याचे आहेत.

फरक आला तरी तो पाण्याचाच असं लगेच लिहू नकोस, विहीरवाल्याची जमीन बहुतेक वेळा आधीच भारी असते.

परभणी_विद्यार्थी

मधेच विचारतो, आम्हाला शिकवलंय की रेशो एस्टिमेटर (नमुन्यातल्या दोन बेरजांचा भागाकार) बायस्ड असतो, म्हणजे सरासरीने खऱ्या आकड्यापासून थोडा सरकलेला. मग तुम्ही सगळे तोच वापरा म्हणताय ते कसं?

जुना_सांख्यिक

बायस्ड असतो हे खरं, पण किती ते बघा. छेदही नमुन्यातूनच येतो, तोही हलतो, त्यामुळे भागाकारात थोडा कल राहतो. नमुना वाढेल तसा तो कल एकास एन (एन म्हणजे नमुन्याची संख्या) या वेगाने घटतो आणि स्टँडर्ड एरर एकास वर्गमूळ एन या वेगाने, म्हणजे कल एररच्या आधी संपतो. हार्टली आणि रॉस यांनी १९५४ मध्ये दाखवलेली मर्यादा वापरायला फार छान आहे: बायस भागिले स्टँडर्ड एरर हे छेदाच्या सरासरीच्या सीव्ही (तिची स्टँडर्ड एरर भागिले ती सरासरी) पेक्षा मोठं होऊ शकत नाही. तेव्हा आरमध्ये एसव्हीवायटोटल ने क्षेत्राची एकूण बेरीज काढा, तिच्यावर सीव्ही फंक्शन चालवा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर बायस एररच्या दहाव्या भागापेक्षाही कमी, विसरून जा. एकेका तालुक्यात सहा गावांवर सीव्ही वीस-तीस टक्के निघाला तर तिथे जपून बोला. उलट प्रत्येक शेतकऱ्याच्या उताऱ्याची सरासरी जर एकरी उत्पादकता म्हणून वापरली तर तिच्यातला फरक नमुना कितीही वाढवला तरी जात नाही, दहा हजार शेतकरी घेतले तरी तो तेवढाच.

स्टाटाप्रेमी

आणि तालुक्याचं सोयाबीनखालचं एकूण क्षेत्र कृषी खात्याच्या पेरणी अहवालात मिळतं, ते हातात असेल तर गुणोत्तराला त्याने गुणा, तालुक्याचं एकूण उत्पादन मिळतं आणि नुसती वेट लावून केलेल्या बेरजेपेक्षा त्याची एरर बहुतेक वेळा कमी येते, कारण जास्त रान तिथे जास्त माल हे नातं पक्कं आहे. लाप्लासने १८०२ च्या सुमारास फ्रान्सची लोकसंख्या अशीच काढली होती, निवडक गावांत दर जन्मामागे माणसं किती ते मोजलं, आकडा आला साधारण २८, आणि त्याने देशभरच्या जन्मांना गुणलं. आरमध्ये एसव्हीवायरेशो च्या उत्तराला प्रेडिक्ट लावून टोटल द्यायची, एररसकट येतं. फक्त पेरणी अहवालातलं क्षेत्र हेक्टरमध्ये असतं, तुझं गुणोत्तर एकरी आहे.

बांधावरचा_अभ्यासक

हे तर मला दुसरं प्रकरणच मिळालं थिसिसला. शेवटचं विचारतो, पुढच्या प्रकरणात लाभ-खर्च गुणोत्तर आहे, आमच्याकडे प्रत्येक शेतकऱ्याचं काढून सरासरी घेतात. तेही असंच का?

डेटावाली_नागपूर

हो, तेही असंच. एकूण उत्पन्न भागिले एकूण खर्च, एसव्हीवायरेशो, तीच वेटं, तीच गावं. तिथे तर जास्त जपायला हवं, कारण ज्याने जवळजवळ काही खर्चच केला नाही, घरचं बियाणं आणि फवारणी नाही, त्याचा छेद इतका छोटा होतो की त्याचं एकट्याचं गुणोत्तर आठ-दहा येतं आणि २४० जणांची सरासरी ओढून नेतं. खर्च कुठला धरलाय ते टेबलाच्या डोक्यावरच लिहा, ए-२ (प्रत्यक्ष केलेला खर्च) अधिक घरची मजुरी की सी-२, कारण सी-२ मध्ये स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याजही येतं आणि गुणोत्तर बरंच खाली उतरतं. ज्यांचं पीक गेलं ते अकरा जण इथेही आत राहिले पाहिजेत, त्यांचा खर्च तर पूर्ण झालेला आहे.

टेबलात प्रत्येक ओळीला गुणोत्तर, स्टँडर्ड एरर, अंतर, शेतकऱ्यांची संख्या आणि गावांची संख्या असे पाच रकाने ठेवा. गावांची संख्या कुणी देत नाही आणि तीच सगळ्यात जास्त सांगून जाते.